पासपोर्टावरचा ‘लेट’ : अडथळा या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दाविषयी

प्रश्न असा आहे : भारतीय पासपोर्टावर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते, तिच्या इंग्रजी मजकुरात धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ मोकळेपणाने जाऊ द्यावे, असे म्हटले आहे. यातील ‘हिंडरन्स’ म्हणजे अडथळा हे कळते; पण ‘लेट’ म्हणजे काय? विचारणाऱ्या गृहस्थांच्या घरात या एका शब्दाचे तीन अर्थ निघाले. त्यांना स्वतःला तो उशीर वाटला, कारण आपण रोज ‘गाडी लेट आहे’ म्हणतो. त्यांच्या पत्नीला तो परवानगी वाटला, आणि मग ‘परवानगीविना जाऊ द्यावे’ असा भलताच अर्थ होऊ लागला. टेबल टेनिस खेळणाऱ्या मुलीने सांगितले की लेट म्हणजे सर्व्हिस पुन्हा करणे.

थोडक्यात उत्तर असे की येथे ‘लेट’ हे नाम आहे आणि त्याचा अर्थ अडथळा, आडकाठी, अटकाव असाच आहे. ‘लेट ऑर हिंडरन्स’ ही समानार्थी शब्दांची जोडी आहे. मात्र घरातल्या तिन्ही तर्कांपैकी एकही अगदीच वाया गेलेला नाही. मुलीचा ‘लेट’ हा थेट हाच शब्द आहे, गृहस्थांचा ‘लेट’ हा त्याचा जन्मदाता आहे, आणि पत्नीचा ‘लेट’ हा त्याचा दूरचा भाऊबंद आहे. हे नाते नीट सांगायचे तर थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

आधी एक कबुली. इंग्रजी दस्तऐवजांचे मराठी भाषांतर करण्याच्या व्यवसायात मी तीस वर्षांहून अधिक काळ आहे, आणि या शब्दाने मला पहिल्याच वर्षी पाडले होते. एका गोदामाच्या भाडेपट्ट्यात असे कलम होते की पट्टेदार वेळेवर भाडे देत राहिला तर मालकाच्या वा त्याच्या माणसांच्या ‘लेट ऑर हिंडरन्स’शिवाय त्याला जागेचा शांतपणे उपभोग घेता येईल. मला ‘टू लेट’ची पाटी ठाऊक होती. शिवाय विषय भाड्याचाच असल्यामुळे शंकाही आली नाही. मी लिहिले : ‘मालकाने भाड्याने न देता व अडथळा न करता’. ज्या ज्येष्ठ वकिलांकडे मसुदा गेला, त्यांनी ‘भाड्याने न देता’ या शब्दांभोवती तांबड्या पेन्सिलीने वर्तुळ काढून समासात दोनच शब्द लिहिले : ‘कोणी? कोणास?’ जागा आधीच भाड्याने दिलेली असताना ती भाड्याने न देण्याची हमी मालक कोणाला देणार होता, हे मला त्या दोन प्रश्नचिन्हांनी कळले. त्या दिवसापासून ओळखीचा वाटणारा शब्द मी अनोळखी शब्दापेक्षा अधिक सावधपणे कोशात पाहतो.

आता व्युत्पत्ती. आज इंग्रजीत ‘लेट’ या उच्चाराखाली जे आढळते, ते मुळात दोन स्वतंत्र क्रियापदे होती. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण इसवी सन 1100 पर्यंतच्या भाषेत, एक होते ‘लॅऽटन’. त्यातील स्वर दीर्घ होता आणि त्याचा अर्थ सोडणे, राहू देणे, जाऊ देणे. आजचे परवानगी देणारे ‘लेट’ हे त्याचे रूप. ‘टू लेट’मधले भाड्याने देणेही त्यातूनच आले, कारण जागा भाड्याने देणे म्हणजे ती दुसऱ्याच्या हाती सोडणेच होय. दुसरे होते ‘लेट्टन’. त्यातील स्वर ऱ्हस्व, ‘ट’ दुहेरी, आणि अर्थ खोळंबवणे, अडवणे. पासपोर्टावरचे नाम या दुसऱ्या क्रियापदाच्या घराण्यातले आहे.

‘लेट्टन’ कसे तयार झाले हे पाहण्यासारखे आहे, कारण तेथेच ‘उशीर’ हा तर्क खरा ठरतो. जुन्या इंग्रजीत ‘लॅट’ असे विशेषण होते. त्याचा मूळ अर्थ मंद, संथ, रेंगाळणारा असा होता आणि आजचे ‘लेट’, म्हणजे उशिराचे, हे त्याचेच वंशज आहे. जर्मॅनिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच ज्या कुळातल्या त्या भाषांत, विशेषणापासून ‘तसे करणे’ या अर्थाचे क्रियापद बनवण्याची एक जुनी रीत होती : शब्दाला ‘य’सारखा ध्वनी असलेला प्रत्यय लागे आणि त्या ‘य’च्या ओढीने मागचा स्वर बदलून जाई. पुढे प्रत्यय झिजून गेला; बदललेला स्वर तेवढा उरला. ‘फुल’ म्हणजे भरलेला, तर ‘फिल’ म्हणजे भरणे. ‘हॉट’ म्हणजे गरम, तर ‘हीट’ म्हणजे गरम करणे, या जोड्या शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतात, फक्त त्यांच्यामागचा नियम कोणी सांगत नाही. त्याच साच्यातून मंद या अर्थाच्या विशेषणापासून मंद करणे, उशीर करायला लावणे, म्हणजेच अडवून धरणे या अर्थाचे क्रियापद निघाले. आपण ‘अडणे’पासून ‘अडवणे’ किंवा ‘खोळंबणे’पासून ‘खोळंबवणे’ करतो, त्याच जातीची ही घडण आहे. चौथ्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरामुळे जी गॉथिक ही याच कुळातली जुनी भाषा आपल्याला कळते, तिच्यात ‘लात्यन’ असे रूप उशीर लावणे या अर्थाने मिळते, आणि तेथे तो ‘य’ अजून शाबूत दिसतो.

म्हणून मी म्हणेन की ज्या गृहस्थांनी ‘लेट’चा अर्थ उशीर असा केला, त्यांचा अर्थ चुकला, पण नेम इतिहासावर बसला. देवनागरीत तर दोन्ही शब्द एकाच रूपात लिहिले जातात. इंग्रजी लेखनात आज वेगळे दिसणारे मायलेक मराठीत येऊन पुन्हा एका नावाने वावरू लागले, असे म्हणायला हरकत नाही.

आणि परवानगीचे ‘लेट’? भाषाशास्त्रज्ञ ही दोन्ही क्रियापदे मागे नेत नेत सैल पडणे, सैल सोडणे या अर्थाच्या एकाच इंडो-युरोपीय धातूपर्यंत, म्हणजे युरोपातल्या बहुतेक भाषा आणि संस्कृत यांच्या समान पूर्वज भाषेतल्या धातूपर्यंत, पोहोचवतात. लॅटिनमधला थकलेला या अर्थाचा ‘लास्सुस’ हाही तिथलाच. एका सैलपणातून दोन उलट अर्थ कसे निघाले, हे इंग्रजी वाचकाला समजावून सांगायला बरेच शब्द लागतात. मराठी वाचकाला एकच शब्द पुरतो : ढील. पतंगाला ढील दिली की तो मोकळा होऊन वर जातो, एखाद्या पोराला ढील दिली की ते मनास येईल ते करते. ही परवानगी झाली. पण तोच सैलपणा कामात आला की त्याला आपण ढिलाई म्हणतो आणि मग काम रेंगाळते, अडते. दोरी सैल सोडली तर जनावर सुटते आणि लगाम सैल पडला तर गाडी रेंगाळते. ‘सोडणे’ या टोकाकडून ‘लॅऽटन’ निघाले आणि ‘रेंगाळणे’ या टोकाकडून ‘लेट्टन’. मधली गाठ आपल्या बोलण्यात रोज असते.

जुन्या इंग्रजीत स्वरांची लांबी आणि क्रियापद चालवण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे दोघांची गल्लत होत नसे. पुढच्या काही शतकांत दीर्घ स्वर आखूड झाला, प्रत्यय गळाले, आणि ‘जाऊ देणे’ व ‘जाऊ न देणे’ या दोन्हींसाठी इंग्रजांच्या तोंडी एकच ध्वनी उरला. याचा सर्वांत ठळक दाखला 1611 साली छापल्या गेलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये मिळतो. निर्गम या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पहिल्या वचनात मोशे आणि अहरोन मिसरचा राजा फारो याच्यापुढे परमेश्वराचा निरोप ठेवतात की माझ्या लोकांना जाऊ दे. तेथे ‘लेट’ म्हणजे सोडणे. अवघ्या तीन वचनांनंतर, चौथ्या वचनात, तो राजा त्या दोघांनाच उलट विचारतो की तुम्ही लोकांना त्यांच्या कामापासून का अडवता. आणि तेथेही ‘लेट’च आहे. एकाच प्रसंगात, एकाच पानावर, एकच शब्द दोन विरुद्ध बाजूंनी उभा राहतो. 1833 साली नोआ वेब्स्टर या अमेरिकी कोशकाराने बायबलची सुधारलेली आवृत्ती काढली, तेव्हा वाचकांची फसगत टाळण्यासाठी या जुन्या ‘लेट’च्या जागी त्याने ‘हिंडर’ घातले.

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये पहिल्याच अंकात पित्याचे भूत खुणावत असते, मित्र राजपुत्राला धरून ठेवतात, आणि तो बजावतो की मला जो ‘लेट’ करील त्याचेच मी भूत करीन. आजच्या वाचकाला हे ‘मला जो जाऊ देईल त्याला मारीन’ असे ऐकू येते. राजपुत्राला अभिप्रेत आहे ‘मला जो अडवील त्याला’. इंग्रजी शाळांतल्या आवृत्त्यांत या ओळीखाली टीप द्यावी लागते, आणि ती वाचली नाही तर राजपुत्र वेडाचे सोंग एक अंक आधीच घेतो आहे असे वाटावे.

अर्थांची अशी टक्कर झाली की एका शब्दाला वाट सोडावी लागते, असे सांगितले जाते. यासाठी भाषाशास्त्रात नेहमी दिले जाणारे उदाहरण फ्रान्समधल्या गॅस्कनी प्रांताचे आहे. तेथल्या बोलीत ध्वनिबदलामुळे कोंबडा आणि मांजर या दोन्हींसाठी ‘गात’ असा एकच उच्चार होण्याची वेळ आली. कोंबड्यासाठी मग तेथे लोक फेझंट पक्ष्याचे नाव, काही ठिकाणी तर चक्क गावच्या धर्मोपदेशकाच्या हुद्द्याचे नाव वापरू लागले. बोलींचा नकाशासंग्रह तयार करणाऱ्या जूल जिलिएरों याने विसाव्या शतकाच्या आरंभी ही गोष्ट प्रसिद्धीला आणली. शेतकऱ्याला कोंबडा गेला की मांजर गेले याचा उलगडा होणे गरजेचे होते, हे कोणालाही पटेल.

परंतु ‘लेट’च्या बाबतीत हे कारण एकट्याने पुरते, असे मला वाटत नाही. दोन्ही अर्थ एकाच उच्चाराखाली कैक पिढ्या सुखाने नांदले, कारण वाक्याची ठेवण वेगळी असे : सोडण्याच्या ‘लेट’पुढे थेट दुसरे क्रियापद येई, अडवण्याच्या ‘लेट’नंतर ‘फ्रॉम’ किंवा नुसते कर्म. आपणही ‘तो मला लागतो’ आणि ‘मला भूक लागते’ यांत गोंधळत नाही. माझ्या मते खरी गोष्ट एवढीच की अडवणे यासाठी ‘हिंडर’, ‘प्रिव्हेंट’, ‘ऑब्स्ट्रक्ट’ असे धडधाकट शब्द हाताशी आले आणि जोखमीचा शब्द वापरण्याचे कारण उरले नाही. शेजारच्या डच भाषेत ‘लाटन’ म्हणजे सोडणे आणि ‘बेलेटन’ म्हणजे अडवणे असे दोन वेगळे शब्द अजूनही रोजच्या वापरात आहेत. तेथे ‘बे’ या उपसर्गाने दुसऱ्याला वाचवले. इंग्रजीत त्याला वाचवणारे कोणी नव्हते.

शब्द बोलण्यातून गेला तरी दोन ठिकाणी टिकला : कायद्यात आणि मैदानावर.

कायद्याच्या भाषेला जोड्यांची आवड असते. ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’, ‘नल अँड व्हॉइड’ या जोड्या वकिलांच्या परिचयाच्या आहेत. त्यांचे एक लोकप्रिय स्पष्टीकरण असे की फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी 1066 साली इंग्लंड जिंकल्यानंतर तेथे राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच आणि रयतेची इंग्रजी राहिल्याने दोघांना कळावे म्हणून एकेक शब्द दोन्हीकडचा घेतला गेला. काही जोड्यांना ते लागू पडते, सगळ्यांना नाही. आपल्या जोडीत ‘लेट’ अस्सल इंग्रजी, आणि ‘हिंडरन्स’चे धडही इंग्रजीच, फक्त शेपूट, म्हणजे ‘अन्स’ हा प्रत्यय, फ्रेंच. ‘हिंडर’ हा ‘बिहाइंड’मधल्या ‘हाइंड’चा सगोत्र, म्हणजे मुळात मागे राखणे, मागे ओढणे. तेव्हा ‘लेट ऑर हिंडरन्स’ याचा शब्दशः भाव ‘उशीर न लावता आणि मागे न खेचता’ असा होतो. मराठीत तरी आपण दुसरे काय करतो? ‘कागदपत्र’ यात कागद फारसीतून आलेला आणि पत्र संस्कृतातले. ‘धनदौलत’ यात धन संस्कृत आणि दौलत अरबी. ‘बाजारहाट’ यात बाजार फारसी आणि हाट आपला. या जोड्यांतला दुसरा शब्द नवा अर्थ आणत नाही, वजन आणतो, आणि दस्तऐवजात वजनाला किंमत असते.

पासपोर्टावरचे हे वाक्य भारताने ब्रिटिश पासपोर्टाच्या घडणीवरून घेतले आहे. तेथे राजाच्या किंवा राणीच्या नावाने विनंती असते, आपल्याकडे भारत गणराज्याच्या राष्ट्रपतींच्या नावाने. हिंदी मजकुरात त्याच ठिकाणी ‘बिना रोक-टोक’ असे शब्द आहेत. तेही जोडशब्दच आहेत, आणि भाषांतरकाराने ‘लेट’ अचूक ओळखला होता याचा तो पुरावा आहे. परंतु अशी वाक्ये आपल्याकडे इंग्रजांनीच आणली असे समजू नये. पेशवाईत प्रवाशाला किंवा मालाला वाटेत कोणी अडवू नये म्हणून दस्तक दिले जाई, आणि त्यात चौक्यापहाऱ्यांना ‘मुजाहीम न होणे’ अशी ताकीद असे. मुजाहीम हा अरबी शब्द. गर्दी करून वाट रोखणारा, आड येणारा हा त्याचा भाव. ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ याचे ऐतिहासिक मराठी भाषांतर कोणी मागितले, तर मी मोडी कागदांतले हे दोन शब्द पुढे करीन.

एकाच शब्दाने विरुद्ध दिशांना जाण्याचा प्रकारही आपल्याला नवा नाही. ‘हरकत’ घ्या. अरबीत हरकत म्हणजे हालचाल, गती. गायनात गळ्याची लवचीक हालचाल दाखवणारी हरकत आपण वाहवा म्हणून उचलून धरतो, हिंदीत ती चाळा किंवा आगळीक या अर्थाने चालते, आणि मराठी कचेरीत मात्र तीच हरकत म्हणजे आक्षेप, अडथळा. तलाठ्याकडे ‘हरकत घेणे’ म्हणजे चालते काम थांबवणे. गतीचा शब्द गतिरोधक झाला, तरी ‘काही हरकत नाही’ म्हणताना आपल्याला त्यात वावगे वाटत नाही.

आता मैदान. टेनिस आणि टेबल टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला चाटून योग्य जागी पडला की ‘लेट’ दिला जातो आणि सर्व्हिस पुन्हा होते. हा ‘नेट’चा अपभ्रंश आहे, अशी समजूत खेळाडूंत सर्रास आढळते, ती सोडून द्यावी. जाळीचा संबंध नसतानाही ‘लेट’ दिला जातो. शेजारच्या कोर्टातला चेंडू घरंगळत आत आला तर टेनिसचा पंच ‘लेट’च पुकारतो, कारण खेळात व्यत्यय आला. टेनिसच्या नियमांत तर ‘हिंडरन्स’ असेही वेगळे कलम आहे : प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम अडथळा आणला तर गुण जातो, नकळत आला तर तो गुण पुन्हा खेळायचा. म्हणजे पासपोर्टावरचे दोन्ही शब्द टेनिसच्या पंचाच्या खिशात असतात. सगळ्यांत स्वच्छ उदाहरण स्क्वॉशचे. तेथे दोघेही खेळाडू एकाच चौकोनात फिरतात. चेंडूकडे जाताना प्रतिस्पर्धी वाटेत आला की खेळाडू थांबून पंचाकडे ‘लेट’ मागतो. येथे शब्दाचा अर्थ चारशे वर्षांपूर्वीचाच आहे : हा माझ्या आड आला.

राहता राहिले मराठीत काय लिहावे. ‘विलंब किंवा अडथळ्याविना’ असे भाषांतर मी छापील मजकुरातही पाहिले आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते गोड वाटले तरी अर्थाच्या दृष्टीने चूक आहे, कारण विलंब ही वेगळी बाब आहे आणि तिच्यावरून वेगळा वाद उभा राहू शकतो. पासपोर्टासारख्या विनंतीत ‘कोणतीही आडकाठी वा अटकाव न करता’ हे शब्द मला योग्य वाटतात. आडकाठी म्हणजे वाटेत आडवी घातलेली काठी. चित्र नेमके नाक्यावरचे आहे. खरेदीखत किंवा भाडेपट्टा असेल तर मात्र दस्तलेखकांचा जुना ‘हिल्लाहरकत’ हाच शब्द वापरावा. हिल्ला म्हणजे सबब, बहाणा. हरकत म्हणजे अडथळा. सबब सांगूनही नाही आणि उघडपणेही नाही, असे दोन्ही मार्ग तो एका दमात बंद करतो. त्या गोदामाच्या भाडेपट्ट्यात माझ्या चुकलेल्या ओळीच्या जागी शेवटी हेच गेले : ‘मालकाने अगर त्याचे वतीने कोणीही कोणत्याही प्रकारे हिल्लाहरकत न करता’. वकिलांनी त्यावर पेन्सिल फिरवली नाही.